शहरी सांडपाण्यातील नायट्रोजनचे जैविक निर्मूलन

सांडपाण्यातील नायट्रोजन जीवाणूंकरवी वायुरूपात हवेत सोडण्याची प्रक्रिया. हा नायट्रोजन मुख्यतः मूत्रातील युरियातून येतो. प्रक्रिया केंद्रात पोहोचेपर्यंत बहुतेक युरियाचा अमोनिया झालेला असतो. तो तसाच नदीत सोडला तर माशांना बाधतो, पाण्यातील ऑक्सिजन खातो आणि शैवाल-जलपर्णीला आयते खत मिळते.

पहिला टप्पा नायट्रीकरणाचा. हवा दिलेल्या टाकीत नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रोस्पायरासारखे नायट्राइटचे नायट्रेट करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून ब्लोअरचे (टाकीत हवा फुंकणाऱ्या यंत्राचे) वीजबिल वाढते. (खत कारखान्यात हवेतला नायट्रोजन बांधायला ऊर्जा खर्चायची, आणि तो पुन्हा हवेत सोडायलाही!) पाण्याची क्षारताही (आम्ल पचवण्याची क्षमता) खर्च होते, ती अपुरी पडली की सामू (पीएच) घसरतो. हे जीवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे गाळ घाईने उपसल्यास ते त्याच्याबरोबर निघून जातात.

दुसरा टप्पा विनायट्रीकरणाचा. विरघळलेला ऑक्सिजन संपला की अनेक जीवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर श्वसन करतात आणि नायट्रोजन वायू सुटतो. त्यासाठी त्यांना सेंद्रिय अन्न लागते, आणि मेख इथेच आहे: नायट्रेट तयार होईपर्यंत ते अन्न हवेच्या टाकीत फस्त झालेले असते. १९६२ मध्ये संशोधक लुडझॅक व एटिंगर यांनी बिनहवेची टाकी आधी ठेवण्याची कल्पना मांडली, म्हणजे ताज्या सांडपाण्यातले अन्न तिथेच वापरता येते. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत अभियंते जेम्स बर्नार्ड यांनी नायट्रेटयुक्त मिश्रण हवेच्या टाकीतून पंपाने थेट मागे आणून ती कार्यक्षम केली. तरी जे मागे येत नाही ते नायट्रेट बाहेर जाणारच. आवक पाण्याच्या चौपट प्रवाह परत फिरवला तरी या मांडणीची कमाल मजल सुमारे ८० टक्के. त्यापुढे आणखी एक बिनहवेची टाकी लागते, आणि वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्राप्रमाणे जीवाणूंचे अन्न म्हणून बाहेरून मिथेनॉलही. एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर) पद्धतीत (उदा., नवी मुंबईतील नेरुळ) एकाच टाकीत हवा आलटून पालटून चालू-बंद करतात.

अ‍ॅनामॉक्स जीवाणू अमोनिया व नायट्राइट यांचा थेट नायट्रोजन करतात, तेही सेंद्रिय अन्नाशिवाय. रॉटरडॅमच्या डोखाव्हन केंद्रात २००२ मध्ये त्यांची पहिली मोठी टाकी सुरू झाली. मात्र हा मार्ग प्रामुख्याने गाळ पिळून निघणाऱ्या उबदार, अमोनियायुक्त पाण्यापुरता रुळला आहे.

भारतात केंद्र सरकारच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याविषयीच्या २०१७ च्या अधिसूचनेत नायट्रोजनची मर्यादा नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात महानगरांसाठी तज्ज्ञ समितीने सुचवलेले एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम हे मानक देशभरासाठी धरले.