बंदुकीचा परवाना निदानाने अडत नाही, आदेशाने अडतो

अमेरिकेत गोळीबार झाला की आपल्या वाहिन्यांवर एक प्रश्न हमखास येतो: ‘माथेफिरूला बंदूक मिळालीच कशी?’ तिथल्या सरकारकडे मनोरुग्णांची यादी असते आणि त्या दिवशी ती कुणी उघडून पाहिली नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. अशी यादी नाही. नैराश्य असो की स्किझोफ्रेनिया, नुसत्या निदानावरून संघीय कायदा कुणाला बंदूक नाकारत नाही.

१९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार मानसिक कारणावरून बंदी येते ती दोन प्रकारांत. न्यायालयाने किंवा तत्सम अधिकाऱ्याने मानसिक आजारामुळे एखाद्याला स्वतःसाठी वा इतरांसाठी धोकादायक किंवा स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ ठरवलं तर. किंवा रीतसर आदेशाने सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलं तर. स्वतःहून दाखल झालेला माणूस यात येत नाही. नुसतं निरीक्षणासाठी ठेवलेलाही नाही. राज्यांचे नियम मात्र याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात ७२ तासांच्या सक्तीच्या निरीक्षणासाठी दाखल झालेल्याला राज्याचा कायदा ५ वर्षं बंदूक बाळगू देत नाही, तर इलिनॉयमध्ये स्वेच्छेने दाखल होण्याचाही परवान्यावर परिणाम होतो. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा फरक ओळखावा आणि समुपदेशकाकडे जाणं बंदूक नाकारली जाईल या भीतीने टाळू नये.

आता खरी गंमत यंत्रणेची. ग्राहक परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो. सक्तीच्या भरतीबद्दलचा प्रश्न त्यातच असतो आणि खोटं उत्तर देणं हा गुन्हा आहे. मग दुकानदार नोव्हेंबर १९९८पासून चालू असलेल्या ‘निक्स’ या तपासणी व्यवस्थेकडे नाव पाठवतो. तिथे तीन माहितीसाठे चाळले जातात आणि उत्तर येतं: पुढे जा, थांबा किंवा नकार. ‘थांबा’ आलं आणि कामकाजाच्या तीन दिवसांत पक्कं उत्तर मिळालं नाही, तर संघीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो; २१ वर्षांखालील ग्राहकांसाठी ही मुदत २०२२पासून वाढवता येते. मानसिक आरोग्याच्या नोंदीत नाव, जन्मतारीख अशी ओळख असते, निदान नसतं.

पण ही नोंद पाठवायची राज्याने. केंद्र सरकार आपला कार्यक्रम राबवायला राज्यांच्या अधिकाऱ्यांना जुंपू शकत नाही, असं १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे अनुदानाचं आमिष दाखवता येतं, हुकूम सोडता येत नाही. यातून काय बिघडतं, ते व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसलं. डिसेंबर २००५मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याला न्यायिक अधिकाऱ्याने स्वतःसाठी धोकादायक ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला. संघीय व्याख्येनुसार बंदी तिथेच लागू झाली. राज्याची पद्धत मात्र आंतररुग्ण म्हणून सक्तीने दाखल केलेल्यांच्याच नोंदी पाठवण्याची होती. २००७च्या सुरुवातीला त्याने दोन पिस्तुलं विकत घेतली आणि तो दोन्ही वेळा तपासणीतून सुटला. १६ एप्रिलला ३२ जणांचा बळी गेला. त्यानंतर नोंदींसाठी नवा संघीय कायदा आला.

दुसऱ्या टोकाचा दोष म्हणजे बंदीला मुदतच नाही. मिशिगनमधल्या एका माणसाला १९८०च्या दशकाच्या मध्यावर घटस्फोटानंतर महिन्याहून कमी काळ दाखल केलं होतं. २०११मध्ये त्याला बंदूक नाकारली गेली. सूट मागण्याच्या संघीय मार्गाचा निधी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९९२पासून रोखलेला होता, आणि त्याच्या राज्यात पर्यायी सोय नव्हती. २०१६मध्ये अपील न्यायालयाने त्याची बाजू ऐकण्याजोगी ठरवली. ‘एकदा वेडा तो कायमचा वेडा’ ही समजूत आपल्याकडे रुग्णाला बाबा-बुवांच्या दारी नेते. तिथे ती कायद्यातच जाऊन बसली आहे.

विज्ञान वेगळं सांगतं. समाजातल्या एकूण हिंसेपैकी गंभीर मानसिक आजारामुळे होणारा वाटा सुमारे ४ टक्के. अमेरिकेतल्या बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळजवळ नऊ जीव घेतात, औषधांच्या अतिसेवनाने केलेल्यांपैकी फारच थोडे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडा काळच टिकते आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरचे आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. नेमकी तेव्हाच घरातली बंदूक कपाटात पडलेली असते. सक्तीच्या आदेशानंतर ती बाळगणं गुन्हा असलं, तरी ती न्यायला आपोआप कुणी येत नाही.

ही पोकळी ‘रेड फ्लॅग’ कायद्यांनी भरायला घेतली. सुरुवात कनेक्टिकटने १९९९मध्ये केली, इंडियानाने २००५मध्ये. यात निदान लागत नाही, लागतो धोक्याचा पुरावा: धमकी, आत्महत्येचा प्रयत्न, अलीकडची हिंसा. पोलिस, आणि बऱ्याच राज्यांत घरचेही, न्यायालयात अर्ज करतात. आधी बंदूक काढून घेण्याचा काही दिवसांचा तात्पुरता आदेश निघतो, मग दोन्ही बाजूंची सुनावणी होते आणि बहुतेक राज्यांत साधारण वर्षभराचा आदेश मिळतो. तो वाढवला नाही आणि दुसरी बंदी आड आली नाही, तर मुदत संपल्यावर बंदूक मालकाला परत मिळते.