पाडव्याची आणि ईदची चुकामूक

नवं कॅलेंडर भिंतीवर चढलं की आमच्याकडे आधी सणवार बघून होतात. यंदा, २०२६ च्या मे महिन्याच्या पानाशी आई थबकली. "अगबाई, धोंड्याचा महिना!" तिच्या डोळ्यांपुढे जावयाचे अनारसे आले. मला आठवला शीरखुर्म्याचा डबा.

ठाण्यातच राबोडीला राहणाऱ्या मैत्रिणीकडून तो दर रमजान ईदला येतो. रिकामा परत करायचा नाही, म्हणून आई त्यात पाडव्याचं श्रीखंड भरते. तीन वर्षं हे छान जमतंय. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला, ईद ११ ला. २०२५ ला ३० आणि ३१ मार्च. यंदाही १९ मार्चला पाडव्याची कौपिनेश्वराची पालखी निघेल आणि दोनेक दिवसांत ईद.

हा योगायोग एकाच अमावास्येचा. ती सरली की आपली प्रतिपदा; ईदेला मात्र कोर डोळ्यांनी दिसावी लागते, म्हणून ती किंचित नंतर.

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. हिजरी कालगणना ही तूट भरत नाही, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपल्याला पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं लागतात! म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरायचा, तोच अधिक म्हणजे धोंड्याचा. (वाण ३३ अनारशांचं, हेही बरं जुळतं.)

कुठला महिना अधिक, हे सूर्य ठरवतो. दोन अमावास्यांच्या मधे त्यानं रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. यंदा तो १५ मे रोजी वृषभेत शिरतो, १७ च्या पहाटेआधीच अमावास्या संपते. पुढची संपते १५ जूनच्या सकाळी, आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दुपारी. काही तासांनी हुकलं, म्हणून अधिक ज्येष्ठ! या दिवसांत पृथ्वी सूर्यापासून लांब असते, सावकाश चालते. सूर्य एका राशीत ३१ दिवसांहून जास्त रेंगाळतो. अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विनात येतात ते यामुळेच.

परिणाम दिसेल २०२७ ला. ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पाडवा थेट ७ एप्रिलला. पुन्हा गाठ पडायला तीसेक वर्षं.

"म्हणजे डबा महिनाभर अडकणार," मी म्हटलं.

"श्रीखंडाला पाडवाच लागतो असं कुणी सांगितलं?" आई म्हणाली.