बेडसोअर आतून सुरू होतो

पक्षाघातानंतर किंवा खुब्याचं हाड मोडल्यावर रुग्ण अंथरुणाला खिळला की घरात पावडरचा डबा येतो. मग कुणी स्पिरिट सुचवतं, कुणी तेल चोळायला सांगतं. तरीही एक दिवस माकडहाडाच्या वर बेडसोअरचा, म्हणजे सतत पडून राहून होणाऱ्या जखमेचा, चट्टा दिसतो आणि दोष उन्हाळ्याला नाहीतर गादीच्या रेक्झिनला मिळतो.

खरा दोषी रुग्णाचं स्वतःचं वजन. केशवाहिन्यांमधला, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधला, रक्तदाब पाऱ्याच्या जेमतेम ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्या तासन्‌तास चेपल्या की तिथलं रक्त थांबतं. आपण झोपेतही कूस बदलतो म्हणून वाचतो. भार सर्वांत जास्त हाडाला लागून असलेल्या मांसावर येतो, आणि रक्ताविना स्नायू कातडीच्या आधी मरतो. म्हणूनच वर रुपयाएवढं भोक आणि आत मुठीएवढी पोकळी असं घडतं. तिथे पावडर काय करणार? उलट घामात भिजून तिचे खडे होतात आणि तेच टोचतात.

चट्टा दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिला, तर बेडसोअरची पहिली पायरी आली. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून शेजारच्या जागेशी ताडून पाहा. जागा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते का? त्या जागेवर चोळू नका, आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको. ती कडेकडेने रक्त अडवते.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पूर्ण कुशीवर वळवून नव्हे. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर जातो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचाच कल द्या आणि माकडहाडाखाली हात घालून पाहा. तो सहज आत गेला तर कल बरोबर आहे. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. रुग्णाला ओढू नका. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती उचलून सरकवा, आणि हात लावण्याआधी त्याला सांगा. न सांगता वळवलेला माणूस दचकून अंग ताठ करतो.

भरवताना डोकं उंच केलं की शरीर हळूहळू खाली घसरतं, कातडी मात्र चादरीला चिकटून राहते. या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. आधी मांड्यांखाली उशी द्या, मग डोकं वर घ्या. जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने ३० अंशांपर्यंत खाली आणा.

हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, हा समज महागात पडतो. त्यावर जाड गोधडी घातली तर गादीचे पैसे वाया. एकच पातळ चादर पुरे. पंपाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावा, आणि वीज गेली की गादी बसते हे ध्यानात ठेवा. चांगली गादी आणि ठणठणीत कातडी असेल, तर रात्रीचं अंतर तीन-चार तासांवर नेता येईल का, हे नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा. सांभाळणाऱ्यालाही झोप लागते, आणि थकलेला माणूस सकाळची पाळीही चुकवतो.

डायपर ओला होताच बदला, जागा टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. जखम भरायला प्रथिनं लागतात: रोज दर किलो वजनामागे १.२५ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे ६३ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढेच. पातळ वरणाच्या पाण्यावर हे गणित बसत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

कातडी फुटलीच तर सलाइनने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाही मारतं. दुर्गंधी, पू, ताप किंवा काळा पडलेला भाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली मात्र घरी सोलू नका. ती खालच्या जखमेचं झाकण असते.