घोट्यापाशी जीव गेलेला बूट

"शिवून देतो, पण याचा जीव गेलाय," असं म्हणत काकांनी बूट माझ्या हातात परत दिला. सोलापूरच्या नवी पेठेत ते चपला-बूट दुरुस्त करत बसतात. मी गेलो होतो भाचीच्या स्केटिंगच्या बुटाचा एक उखडलेला हूक बसवून घ्यायला. बूट दिसायला चांगला होता. रंग शाबूत, टाच शाबूत, शिलाई कुठे उसवलेली नाही. काकांनी घोट्याजवळचं चामडं चिमटीत धरलं आणि चोळलं. "बघा, आतलं वेगळं सरकतंय, बाहेरचं वेगळं." मीही चोळून पाहिलं. खरंच सरकत होतं. डाव्या बुटाला तसंच करून पाहिलं, तिथे काही हलेना.

दोन महिने भाचीचा उजवा घोटा दुखत होता. आम्ही तेल चोळलं, सराव कमी केला, "पाय नीट टाक" म्हणून तिला बोललोही. चूक तिच्या पायाची नव्हती. तिला बोललो याचं मला अजून वाईट वाटतं, आणि हा लेख लिहायला बसलो तो त्यामुळेच.

सोलापुरात बर्फाचा रिंक नाही. इथली मुलं कलात्मक स्केटिंग करतात ती चार चाकांच्या क्वाडवर, सिमेंटवर किंवा फरशीवर. पण घोट्याच्या वर जाणारा, उंच टाचेचा हा ताठ बूट बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या बुटाचं सख्खं भावंड आहे. दोघांचा इतिहासही एकाच दशकातला. जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन माणसाने १८६३ मध्ये रबरी कुशनवर झुकणारे चाकांचे स्केट आणले, त्यामुळे नुसतं अंग कलवून वळता येऊ लागलं. त्याच सुमारास जॅक्सन हेन्स हा नर्तक बुटाला पक्की बसवलेली पाती घालून युरोपात बर्फावर नाचत होता. बुटाखाली एकाला सुमारे ४ मिलिमीटर जाडीचं पातं, दुसऱ्याला प्लेट (बुटाच्या तळाला बसवलेली पट्टी), ट्रक (चाकांचा आस धरणारा, कलणारा भाग) आणि चाकं. वरच्या बुटाचं काम मात्र एकच: घोट्याला पुढे वाकू द्यायचं, बाजूला कलू द्यायचं नाही.

हे काम किती अवघड आहे ते उडीच्या वेळी कळतं. हवेतला वेळ जेमतेम अर्धा-पाऊण सेकंदाचा, आणि उतरायचं एका पायावर, तेही मागे सरकत. बर्फावर उतरतानाचा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते आठ पट धरला जातो. पस्तीस किलोच्या मुलीसाठी पाच पट धरले तरी पावणेदोनशे किलो होतात. आपल्या मार्केट यार्डातल्या कांद्याच्या साडेतीन पिशव्या एका घोट्यावर, क्षणभर. तो क्षण दिवसाला चाळीस वेळा येतो आणि आठवड्याला पाच दिवस सराव असतो, असं धरा. वर्षाला दहा हजार वेळा झालं. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि उजव्या पायावर उतरतात. म्हणून उजवा बूट आधी जातो.

यातली एकही उडी बूट फाडण्याइतकी जोरदार नसते. मग बूट मरतो कसा? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या इंजिनिअरांना पडला होता. भार पेलण्याइतके भक्कम, चाकांना जोडणारे आस काही वर्षं नीट चालायचे आणि एक दिवस अचानक तुटायचे. ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका फटक्यात न तुटणारी वस्तू छोट्या भारांच्या पुन्हा पुन्हा येण्याने थकते आणि तुटते. जुन्या काळी स्टेशनात गाडी थांबली की कामगार हातोडीने चाकं ठोकत जायचे, ते आवाजावरून हीच आतली भेग ओळखायला. सोलापूर रेल्वेचं गाव, इथे हे वेगळं सांगायला नको. बुटात लोखंड नसतं, पण थकवा असतो. इथे थकतात चामड्याचे तंतू आणि त्याहून आधी थरांमधला गोंद.

काकांच्या चिमटीत जे सरकलं, ते हे थर. घोट्याच्या भागात बाहेरचं चामडं किंवा कृत्रिम कातडं, त्याच्या आत ताठपणासाठी घातलेला थर, मग फोम, मग अस्तर, असं सगळं चिकटवून एकजीव केलेलं असतं. वहीची पन्नास पानं हातात घेऊन वाकवा, सहज वाकतात, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून घसरतं. तीच पानं खळ लावून चिकटवा आणि वाळू द्या. पुठ्ठा तयार होतो, आणि तो वाकत नाही. कागद तेवढाच आहे, फक्त घसरणं थांबलंय. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एका थराचा ताठपणा १ धरला, तर तीन सारखे थर चिकटून राहिले की तो २७ होतो, आणि सुटे झाले की फक्त ३ उरतो. खऱ्या बुटातले थर सारखे नसतात, त्यामुळे आकडा हुबेहूब असाच येणार नाही. पण बाहेरून काहीही न फाटता बूट आपली बहुतेक ताकद कशी गमावतो, ते या हिशेबात दिसतं. शिलाई करून ती परत येत नाही. काका तेच सांगत होते.

दुसरी गोष्ट सुरकुतीची. घोट्याभोवतीचा बूट म्हणजे एक नळी. नळी गोल असेपर्यंतच ताठ. नारळपाण्याची स्ट्रॉ वाकवून पाहा. आधी ती विरोध करते, मग गोलपणा चपटा होत जातो आणि एका जागी अचानक घडी पडते. ब्रेझियर या संशोधकाने १९२७ मध्ये पातळ नळ्यांचं हे वागणं गणितात बसवलं. एकदा घडी पडलेली स्ट्रॉ सरळ केली तरी पुढच्या वेळी तिथेच वाकते. बुटाच्या पुढच्या बाजूला, जिभेजवळ, आडव्या सुरकुत्या पडायलाच हव्यात. नवा बूट सरावातला करायचा म्हणजे हेच करायचं असतं. पण तीच सुरकुती बाजूने मागे सरकत घोट्याच्या हाडाच्या आसपास पोचली आणि बोट ठेवलं की खोल लागली, तर बुटाने बाजूला कलायची जागा ठरवून टाकली आहे.

घरी बघायचं ते असं. दोन्ही बूट लेस न बांधता सपाट टेबलावर ठेवा आणि मागून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाहा. टाचेची मधली शिवण सरळ उभी आहे का आत झुकलेली? मग एका हाताने टाच घट्ट धरा आणि दुसऱ्याने वरचा भाग आत-बाहेर ढकला. एकट्या बुटावरून काही कळत नाही, डावा-उजवा एकामागून एक करून पाहिला की फरक हाताला लगेच जाणवतो. लेसकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. पूर्वी दोन्ही बाजूंच्या भोकांच्या रांगांमध्ये दोन बोटांचं अंतर राहायचं आणि आता त्या जवळजवळ भिडतात, म्हणजे फोम दबलाय आणि चामडं ताणलंय. मूल रोज लेस जास्त जास्त ओढतंय, पाऊल बधिर होतंय म्हणतंय, तरी टाच आत उचलली जातेय, हे आमच्याकडे महिनाभर चाललं होतं. भाची सांगत होती, "मामा, घट्टच होत नाही." मी तिला जोर कमी पडतोय असं समजलो.

चाकंही बोलतात. घोटा आत पडत असेल तर आतल्या बाजूची चाकं बाहेरच्यांपेक्षा जास्त झिजतात, बर्फावर पात्याची आतली धार आधी बोथट होते. पण चाकांची अदलाबदल आपण करत असतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. त्यापेक्षा मोबाईलवर मागून, स्लो मोशनमध्ये, उतरण्याचा व्हिडिओ घ्या. चाकं टेकल्यावर गुडघा आत वळताना दिसला, तर पाय बुटाची उणीव भरून काढतोय. दुखणं बूट बदलूनही थांबत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, वाट पाहू नका.

आपल्या हवेबद्दल थोडं बोलायलाच हवं. बर्फावरच्या बुटाला ओल खाते, आपल्या बुटाला ऊन. काही बूट पायाच्या आकाराचे करण्यासाठी खास ओव्हनमध्ये साधारण ८० अंशांना तापवून, घालून, थंड होऊ देतात. त्यांच्या आतला थर उष्णतेने मऊ होणारा असतो. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उन्हात बंद ठेवलेली गाडी सहज ६० च्या पुढे जाते. डिकीत आडवा पडलेला, वर बॅग ठेवलेला बूट तिथे हळूहळू कलता होतो, आणि गोंदही सैल पडतो. घामाने भिजलेला बूट गच्चीवर उन्हात वाळवणं त्याहून वाईट. चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं विणकाम, शहराच्या पूर्वभागातल्या मागावरच्या कापडाइतकं सुबक नाही, पण तितकंच गुंतलेलं. पाणी झपाट्याने उडून गेलं की हे तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं कडक भाकरीसारखं होतं: ताठ वाटतं, पण वाकवलं की तडकतं. जीभ बाहेर काढून, लेस सैल सोडून, सावलीत पंख्याखाली वाळवायचं.

वापरलेले बूट घेताना "दोनदाच घातलेत" यावर विसंबू नका. पॉलियुरेथेनचे काही प्रकार नुसत्या हवेतल्या ओलाव्याने वर्षांनुवर्षं तुटत जातात, उष्णतेने हे आणखी लवकर होतं. कपाटातून काढलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी चुरा होऊ शकतो. अंगठ्याने दाबून बघा, चिकट लागला किंवा भुगा निघाला तर घेऊ नका.

या सगळ्याचा अर्थ मिळेल तो सगळ्यात ताठ बूट घ्यावा असा काढू नका. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात जेम्स रिचर्ड्स आणि डस्टिन ब्रुएनिंग यांनी घोट्याला बिजागरी असलेला बूट तपासला होता, कारण ताठ बुटात घोटा पुढे वाकू शकला नाही तर उतरण्याचा धक्का शोषायला सांधा कमी पडतो. वीस-पंचवीस किलोच्या, अजून एका गिरकीच्या उड्या शिकणाऱ्या मुलीला मोठ्यांच्या तिहेरी उड्यांसाठी केलेला बूट वाकवताच येत नाही. ती मग गुडघे ताठ ठेवून उतरते. वजन आणि उड्या, या दोन गोष्टी सरांना सांगून मगच ताठपणा ठरवावा. वर्षं मोजण्यात फारसा अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या लहान मुलांचा पाय बहुधा बूट थकण्याआधीच वाढतो, आणि रोज उड्या मारणाऱ्या मोठ्या खेळाडूंचा बूट काही महिन्यांत संपतो. खर्चाचा दिलासा एवढाच की प्लेट, ट्रक, चाकं चांगली असतील तर नव्या बुटावर बसवता येतात. आम्ही तेच केलं.

जुने बूट रिकामे झाल्यावर काकांकडे परत नेले आणि मधून कापून दाखवा म्हटलं. भाचीही आली होती. काकांनी रापीने आधी डावा उभा चिरला. थर दिसले, पण सोडवायला त्यांना दोन्ही हातांनी ओढावं लागलं, आणि सुटताना गोंदाचे धागे ताणले गेले. मग उजवा. घोट्यापाशी भाचीने नुसतं नख घातलं आणि आतला थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलून आला.