पायातला स्टेंट किती वर्षं टिकतो? या प्रश्नामागचा इतिहास

पायाची तुंबलेली धमनी फुग्याने उघडून स्टेंट, म्हणजे आतून टेकू देणारी धातूची जाळीदार नळी, बसवला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "आता हा किती वर्षं टिकेल?" डॉक्टर सहसा एक आकडा सांगत नाहीत, आणि ती काही टाळाटाळ नसते. ओटीपोटातून जांघेकडे येणाऱ्या धमनीसाठी उत्तर वेगळं असतं, मांडीतल्या धमनीसाठी वेगळं. शिवाय "टिकला" कशाला म्हणायचं, यावरच बरीच वर्षं वाद चालू आहे.

सुरुवात झाली तेव्हा स्टेंट नव्हताच. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे 82 वर्षांच्या एक बाई होत्या. पायाच्या बोटांना गँगरीन झालेलं. पाय कापायचा सल्ला मिळालेला, पण बाई तयार होईनात. डॉटरने मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून आधी तार आणि मग तिच्यावरून एकापेक्षा एक जाड टेफ्लॉनच्या नळ्या सरकवल्या. रक्त पुन्हा वाहू लागलं, पाय वाचला, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ, म्हणजे त्या वारल्या तोवर, धमनी उघडी राहिली. सर्जन मंडळींना हे रुचलं नव्हतं. एका सर्जनने तपासणीच्या चिठ्ठीवर बजावून लिहिलं होतं : फक्त चित्र काढा, दुरुस्त करायला जाऊ नका. (डॉटरने तिथेही हात घातलाच.)

उघडलेली धमनी पुन्हा आकसते, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून 1969 मध्ये त्याने कुत्र्यांच्या गुडघ्यामागच्या धमन्यांमध्ये स्टीलच्या बारीक स्प्रिंग बसवून पाहिल्या. स्टेंटची कल्पना पायातूनच निघाली, हे आज बरेच जण विसरतात. हृदयाचा नंबर नंतर लागला. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरनेही धमनी आतून रुंद करणारा आपला फुगा 1974 मध्ये आधी पायात वापरला आणि 1977 मध्ये हृदयात. डॉटर आणि ग्रुंटझिग दोघेही 1985 साली गेले. पुढच्याच वर्षी युरोपात माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसले.

त्याच सुमाराला टेक्सासमध्ये हुलिओ पाल्माझ हा मूळचा अर्जेंटिनाचा डॉक्टर वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होता. 1978 मध्ये ग्रुंटझिगचं भाषण ऐकल्यापासून आत टेकू द्यायचा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता, आणि नमुना सापडला तो गॅरेजमध्ये पडलेल्या, भिंतीच्या गिलाव्याखाली मारतात त्या धातूच्या जाळीत. जाळी मिटलेली असताना नळीसारखी राहते, फुगा फुगवला की चौकटी उघडतात आणि तशाच राहतात. या कामाला पैसे लावले ते एका रेस्टॉरंटवाल्याने. 1991 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा स्टेंट जांघेच्या वरच्या धमनीसाठी मंजूर केला.

त्या जागी तो चांगलाच टिकला. धमनी रुंद, रक्ताचा वेग भरपूर आणि आजूबाजूला हालचाल कमी. नेदरलँड्समध्ये 279 रुग्णांवर झालेल्या चाचणीत सगळ्यांना सरसकट स्टेंट बसवणं आणि फुगा मारून गरज पडली तरच बसवणं यांची तुलना झाली. पाच-सहा वर्षांनीही दोन्ही गटांत पाचपैकी सुमारे चार जणांना त्या जागी पुन्हा काही करावं लागलं नव्हतं. म्हणजे निकाल उत्तम, पण प्रत्येकाला स्टेंट हवाच असंही नाही.

मांडीत उतरल्यावर गणित बिघडलं. तिथली धमनी लांब आणि स्नायूंमधून जाणारी. प्रत्येक पावलाला ती वाकते, पिळते, आखडते, ताणते. मांडी घालून किंवा उकिडवं बसलं की गुडघ्याजवळ आणखी मुडपते. मग निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे नायटिनॉलचे, दाबले तरी पुन्हा आकार घेणारे स्टेंट आले. तरीही 2005 मध्ये जर्मनीतून बातमी आली ती अशी : स्टेंट बसवलेल्या 121 पायांचे एक्स-रे काढले, तर 45 पायांत स्टेंटच्या तारा तुटलेल्या निघाल्या. तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी तुटते, तशाच. आणि तुटल्या तिथे धमनी पुन्हा तुंबण्याचं प्रमाणही जास्त होतं.

पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या 104 रुग्णांच्या चाचणीने पारडं फिरवलं. वर्षभरानंतर फुगाच पुरेसा धरून चाललेल्या गटात 63 टक्के, तर स्टेंटच्या गटात 37 टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या. स्टेंट जिंकला खरा, पण जिंकूनही वर्षात तिघांपैकी एकाहून अधिक जणांची धमनी पुन्हा अरुंद. 2010 च्या अमेरिकी-युरोपीय चाचणीत फरक याहून मोठा दिसला. तो आकडा मात्र मी जरा जपून वाचतो. फुग्याच्या गटातल्या 40 टक्के लोकांना त्याच टेबलावर स्टेंट द्यावा लागला आणि त्याची नोंद फुग्याचं अपयश म्हणून झाली. नियमाला धरून असेल, पण मोजणीची पद्धत निकाल किती फुगवू शकते ते इथे दिसतं.

मग औषध लावलेले स्टेंट. पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे पेशींची वाढ रोखणारं औषध, लावलेल्या एका स्टेंटची पाच वर्षांची माहिती 2016 मध्ये आली : 66 टक्के धमन्या उघड्या, तर फुगा किंवा गरज पडल्यास साधा स्टेंट मिळालेल्या गटात 43 टक्के. मांडीच्या बाबतीत एवढा लांबचा पल्ला गाठलेला पुरावा तोवर फारसा नव्हता. पण त्या चाचणीतले अडथळे सरासरी साडेसहा सेंटिमीटरचे होते. वीस-पंचवीस सेंटिमीटर बंद धमनी घेऊन आलेल्या मधुमेही रुग्णाला हाच आकडा ऐकवणं बरोबर नाही.

डिसेंबर 2018 मध्ये खळबळ उडाली. 28 चाचण्या एकत्र करून ग्रीसच्या संशोधकांनी दाखवलं की पॅक्लिटॅक्सेल लावलेली साधनं वापरलेल्यांत दोन वर्षांनंतर मृत्यू जास्त दिसतात. कारण कुणालाच सांगता येईना. अमेरिकी प्रशासनाने इशारे दिले, वापर घसरला. मूळ चाचण्यांतल्या अनेक रुग्णांचा मागच लागत नव्हता. त्यांना पुन्हा शोधून काढल्यावर फरक विरत गेला आणि जुलै 2023 मध्ये प्रशासनाने सांगितलं की जादा मृत्यूच्या शंकेला आता आधार राहिलेला नाही. या प्रकरणातून एक गोष्ट उघडी पडली : या क्षेत्रात धमनीवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं, माणसावर तितकं नाही.

चालताना पोटरीत गोळा येतो एवढीच तक्रार असेल, तर तपासायला हवं ते चालणं. जांघेच्या वरच्या धमनीबाबत 2012 मध्ये तसं तपासलं गेलं, तेव्हा सहा महिन्यांनी देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम केलेले लोक ट्रेडमिलवर स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त चालले. दीड वर्षाने दोघे जवळपास बरोबरीत. व्यायामाचं बिल कुणी छापत नाही, म्हणून बहुधा त्याची चर्चाही कमी होते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटचे दर बांधले हे अनेकांना आठवतं. तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता. आणि मांडीतली धमनी पुन्हा बंद झाली तर खर्चही पुन्हा.

पाय जाण्याचीच भीती असते तिथे मात्र प्रश्न स्टेंट की बायपास असा होतो, आणि तिथला पुरावा आजही दोन दिशांना ओढतो. 2022 मध्ये 1,830 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, ज्यांच्या पायाची मोठी शीर चांगली होती त्यांना ती शीर वापरून केलेला बायपास सरस ठरला. दुसऱ्याच वर्षी मुख्यतः ब्रिटनमधल्या, गुडघ्याखालच्या धमन्यांचा आजार असलेल्या 345 रुग्णांच्या चाचणीत उलट निघालं; तिथे आधी फुगा-स्टेंटची वाट धरलेले लोक पाय शाबूत ठेवून जास्त जगले. दोन्हीकडचे रुग्ण वेगळे होते, आजाराची जागाही नेमकी तीच नव्हती. म्हणून स्टेंट ठरवण्याआधी पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली आहे का, बायपासला लायक शीर मिळते का, हे रुग्णाने जरूर विचारावं.