पांढऱ्याशुभ्र दुधातला जंतू

गाईला ‘दगडी’, म्हणजे कासदाह, झाली की शेतकऱ्याला लगेच कळतं. कास सुजते, गाय हात लावू देत नाही, धारेत गुठळ्या येतात. घोर लावतो तो सुप्त कासदाह. गाय नीट चारा खाते, रवंथ करते, दूधही पांढरंशुभ्र असतं. फक्त थोडं थोडं कमी होत जातं. संकलन केंद्रावरच्या फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांच्या) आकड्यांवरून हा आजार ओळखता येत नाही.

तो गोठ्यातच ओळखण्याची सोपी चाचणी १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी मांडली. चार वाट्यांच्या प्लास्टिकच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाची धार वेगळी घ्यायची, तेवढंच जांभळं द्रावण घालायचं आणि पॅडल गोल फिरवायचं. निरोगी सडाचं दूध पातळच राहतं. बाधित सडाचं बघता बघता दाटतं आणि बाधा जास्त असेल तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखं वाटीच्या मध्यभागी गोळा होतं. जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत उतरलेल्या असतात. द्रावण त्या फोडतं आणि आतला डीएनए बाहेर येऊन दूध चिकट होतं. निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरमागे साधारण एक लाखाहून कमी पेशी असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की संसर्ग आहे असं धरतात.

पण जंतू कोणता, हे या चाचणीतून कळत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए पेनिसिलिनला सहसा दाद देतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेत खोल दडून बसतो आणि बऱ्याचदा औषधाला पुरून उरतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, सडात औषधाची ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटली भरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा. तिथे रक्त मिसळलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ३७ अंशांना २४ ते ४८ तासांत जंतू वाढतात. ऑरियसच्या वसाहती बहुधा सोनेरी दिसतात आणि त्यांच्याभोवती रक्तपेशी विरघळल्याचं कडं असतं. हा जंतू रोज दुधात उतरतोच असं नाही, त्यामुळे एकदा काही सापडलं नाही तरी संशय असल्यास पुन्हा तपासावं. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारं तंत्र, काही तासांत उत्तर देतं, पण त्याला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो.

‘उकळलं की झालं’ हे अर्धंच खरं. उकळल्यावर जंतू मरतात. मात्र दूध कोमट राहिलं तर ऑरियस जे विष सोडतो, ते उकळूनही टिकतं. २००० साली जपानमध्ये १३,००० हून अधिक लोक आजारी पडले ते याच विषाने. होक्काइदोच्या कारखान्यात वीज गेली, दूध गार राहिलं नाही आणि विष पावडरीत उतरलं. म्हणूनच बाधित सडाचं दूध कॅनमध्ये ओतायचं नाही, अशा गाईची धार सगळ्यात शेवटी काढायची आणि बाकीचं दूध लगेच ४ अंशांपर्यंत गार करायचं.