चिठ्ठी एक, फुलं दोन: ऑर्किडचा ग्रेक्स आणि कल्टिव्हार

माझ्या गच्चीवर ग्रीन नेटखाली दोन व्हँडा (ऑर्किडचाच एक प्रकार) शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एकाच दिवशी एकाच नर्सरीतून आणल्या, दोघींच्या चिठ्ठीवर नावही एकच: व्हँडा रॉथ्सचाइल्डियाना. पहिली फुलली ती गडद निळी-जांभळी, पाकळ्यांवरची जाळी लांबून दिसावी अशी. दुसरीने वर्षभर वाट पाहायला लावली आणि निघाली फिकट, दहा वेळा धुतलेल्या लुगड्याच्या रंगाची. फूलही बेताचंच. मी नर्सरीवाल्याला फोन लावून चांगलंच सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाव बरोबरच आहे जी, काकाजी." मला ती शुद्ध पळवाट वाटली. पुढे सहा महिने मी त्याच्याकडे फिरकलो नाही.

चूक माझी होती. चिठ्ठीवर ग्रेक्सचं नाव होतं आणि मी ते कल्टिव्हारचं समजून बसलो होतो.

ग्रेक्स हा लॅटिन शब्द, अर्थ कळप. ऑर्किडच्या जगात दोन ठरावीक पालकांचा संकर केला की त्यातून निघणाऱ्या झाडून सगळ्या पिल्लावळीला मिळून एक नाव मिळतं, ते ग्रेक्सचं. रॉथ्सचाइल्डियाना म्हणजे व्हँडा कोरुलिया आणि व्हँडा सँडेरियाना यांची संतती. हे नाव 1931 साली नोंदलं गेलं. त्या वर्षीच्या मूळ रोपांपुरतं ते नाही. आज कुणी दुसरीच कोरुलिया आणि दुसरीच सँडेरियाना घेऊन नव्याने संकर केला, तरी रोपांचं नाव रॉथ्सचाइल्डियानाच. आई कोण आणि बाप कोण याची अदलाबदल केली तरीही तेच.

कल्टिव्हार म्हणजे त्या कळपातलं एक जनावर. एखाद्या रोपाचं फूल कुणाला विशेष वाटलं, त्याने त्या एकट्या रोपाला नाव दिलं. मग त्या रोपाचे तुकडे करून, त्याला फुटलेली केकी (म्हणजे फुलदांड्यावर किंवा खोडावर येणारं बाळरोप) वेगळी करून, किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन करून जेवढी रोपं होतील तेवढ्यांनाच ते नाव लागतं. बीपासून झालेल्याला नाही. लिहितानाही फरक ठेवतात: ग्रेक्सचं नाव मोकळं, कल्टिव्हारचं एकेरी अवतरणचिन्हांत. ती दोन बारीक चिन्हं चिठ्ठीवर आहेत की नाहीत, एवढं जरी मी पाहिलं असतं तरी फोनचे पैसे वाचले असते.

सिंगापूरचं राष्ट्रीय फूल हे याचं सोपं उदाहरण. मिस जोआकिम हा ग्रेक्स ॲग्नेस जोआकिम यांच्या बागेतला, 1893 सालचा. हुकेरियाना आणि टेरेस या दोन जातींचा संकर. 1981 साली ते राष्ट्रीय फूल झालं. पण मिस जोआकिम तर अनेक आहेत, कारण तोच संकर नंतर इतरांनीही केला. मूळचं झाड वेगळं ओळखता यावं म्हणून त्याला ‘ॲग्नेस’ हे कल्टिव्हारचं नाव आहे. (ही तेव्हा व्हँडा होती, आता शास्त्रज्ञांनी तिला पॅपिलिओनँथी प्रजातीत (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) टाकलंय. ॲस्कोसेंडा म्हणून विकत घेतलेली तुमची छोटी रोपंही आता व्हँडाच. पहिलं नाव असं अधूनमधून बदलतं, ग्रेक्सचं नाव टिकतं. मनाला लावून घेऊ नये.)

आता हे आपल्या भाषेत सांगायचं तर नागपूरकराच्या तोंडी पहिल्यांदा संत्र्याचंच उदाहरण येणार. मीही आमच्या शेजारच्या पोरीला तेच द्यायला गेलो आणि फसलो. शेंदूरजनाघाटहून येणारी कलमं जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली असतात, म्हणजे ती क्लोन (एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती), इथपर्यंत ठीक. पण नागपुरी संत्र्याच्या एका बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात, आणि त्यातले जास्तीचे गर्भ आईच्याच पेशींतून तयार झालेले असतात. त्यामुळे बीपासून वाढवलेलं झाडही पुष्कळदा हुबेहूब आईसारखंच निघतं. बी आणि कलम यांतला फरक समजावायला याच्याइतकं वाईट उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आंबा घ्या. लंगडा खाऊन कोय परसात लावली तर सात-आठ वर्षांनी जे येईल ते लंगडा नसतं, ते गावरान. प्रत्येक कोयीचं झाड वेगळं. आणि आंब्यात तर आपल्या मुद्द्याचं तयार उदाहरणच बसलंय. मल्लिका म्हणजे नीलमवर दशेरीचा पराग, आणि आम्रपाली म्हणजे दशेरीवर नीलमचा. दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाले. पालक तेच, फक्त आई-बाप उलटे. आंब्याला ऑर्किडचे नियम लावले असते तर हे दोघे एकाच ग्रेक्सचे ठरले असते आणि ‘मल्लिका’, ‘आम्रपाली’ ही त्यातल्या दोन कल्टिव्हारांची नावं झाली असती. चव, आकार, झाडाची उंची सगळं वेगळं, तरी कळप एक. माझ्या दोन व्हँडांचं नातं तेच.

"मग नुसतं ग्रेक्सचं नाव कशाले लिहितात, काका? त्याचा उपयोग काय?" असं त्या पोरीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. उपयोग वंशावळीचा. ऑर्किडमध्ये दूरदूरच्या जातींचा, इतकंच काय वेगवेगळ्या प्रजातींचाही संकर जमतो, आणि संकरावर संकर अशा पिढ्या चढत जातात. पहिलं माणसाने केलेलं संकरित ऑर्किड 1856 साली इंग्लंडात फुललं, जॉन डॉमिनी या माळ्याच्या हातचं, कॅलँथी डॉमिनी. पुढे सँडर यांच्या नर्सरीने 1906 पासून संकरांची यादी छापायला घेतली आणि 1961 पासून ती नोंदवही रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. हौशी माणसाला आपल्या कुंडीतल्या रोपाचे पणजोबा-खापरपणजोबा काढता येतात ते या वहीमुळे. आपल्यातल्या किती जणांना स्वतःचे काढता येतील?

भावंडांत एवढा फरक का पडतो, याचं कारण बीमध्ये आहे. एका शेंगेत धुळीसारखं लाखो बी. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, निसर्गात बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही. 1922 साली लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या आगारवर (जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून बाटलीत शेकडो रोपं करता येतात. प्रत्येक बी म्हणजे पत्त्यांचा वेगळा पिसलेला डाव. क्लोनचा मार्ग नंतरचा: 1960 साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियम या ऑर्किडच्या कोंबाच्या टोकापासून रोपं करण्याची पद्धत मांडली. त्यांचा मूळ खटाटोप विषाणूमुक्त रोपांसाठी होता. स्वस्त क्लोन हे त्याचं पिल्लू. ऊतिसंवर्धनातही कधीतरी बदल घुसतो आणि शंभरांत एखादं रोप वेडंवाकडं फुलतं, पण तो अपवाद.

खरेदीचा प्रश्न मग सरळ होतो. फोटोत दिसलं तेच फूल हवं असेल तर अवतरणचिन्हांतलं नाव मागा आणि रोप बीचं आहे की क्लोन, हे तोंडाने विचारा. मुकाट घेऊ नका. माझा स्वतःचा कल मात्र आता बीच्या रोपांकडे झुकलाय, आणि त्याला नागपूरचा उन्हाळा कारण आहे. रॉथ्सचाइल्डियानाची एक पालक, कोरुलिया, खासी टेकड्यांच्या थंड हवेतली. दुसरी, सँडेरियाना, फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या उष्ण सखल भागातली. भावंडांपैकी कोण कुणावर गेलंय ते फुलाच्या रंगात दिसतं तसं मे महिन्यातही कळतं. नवतप्यात मी दिवसातून तीनदा पाणी मारतो, कूलरची हवा सोडतो, तरी एखादी पानं मिटून बसते आणि तिची बहीण शेजारी मजेत मुळं सोडत असते. माझी ती फिकट, हिणवलेली व्हँडा पंचेचाळीसच्या वरच्या उन्हात एक पानही न टाकता निघाली. देखणीने खालची चार पानं टाकली. दहा क्लोन घेतले असते तर दहाही एकसारखेच सुकले असते किंवा एकसारखेच तगले असते.

म्हणूनच गेल्या वर्षी स्वतः संकर करायला घेतला. एका बाजूला ती फिकट, दुसऱ्या बाजूला व्हँडा टेसेलाटा. ही आपल्या विदर्भातली, झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, करड्या-पिवळसर जाळीची आणि सुवासिक. व्हँडा हे नावसुद्धा संस्कृतातल्या ‘वंदा’वरूनच उचललेलं. माझ्याकडचं रोप नर्सरीतलं आहे. जंगलातून ओरबाडून आणू नये, अख्खं ऑर्किडचं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात संरक्षित यादीवर आहे. काडीने परागाचे दोन पिवळे गोळे उचलायचे आणि दुसऱ्या फुलाच्या मध्यस्तंभावरच्या चिकट खळगीत दाबायचे, काम एवढंच. पुढे शेंग पिकायला व्हँडात कित्येक महिने लागतात.

इथे नावाची एक आणखी गंमत आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. मी माझ्या दोन रॉथ्सचाइल्डियानांचाच आपसांत संकर केला असता, तर संततीचं नाव पुन्हा रॉथ्सचाइल्डियानाच राहिलं असतं. पण ही पुढची पिढी, त्यामुळे रूपात फाटाफूट बरीच जास्त. काही आजीवर जातील, काही आजोबांवर. म्हणजे एकाच ग्रेक्सच्या नावाखाली पहिल्या पिढीची बऱ्यापैकी सारखी रोपंही असू शकतात आणि दुसऱ्या पिढीचा भेळपुरीचा प्रकारही. चिठ्ठी ते सांगत नाही. विचारावं लागतं.

रंगाच्या नावाने विकली जाणारी रोपं, "पर्पल", "डार्क ब्लू" वगैरे, यांतलं ते नाव ग्रेक्सही नाही आणि कल्टिव्हारही नाही. फुलं बघायला घ्या, संकरासाठी नको.

स्वतःच्या संकराची चिठ्ठी लिहिताना आई आधी, मग गुणिलेचं चिन्ह, मग बाप आणि तारीख, एवढंच लिहावं. नवं ग्रेक्सनाव नोंदवायचं तर रोप आधी फुलावं लागतं, आणि त्याला चार-पाच वर्षं सहज जातात. लिहायला मार्कर वापरू नका. आपल्या उन्हात दोन मे महिन्यांत शाई उडते आणि हातात कोरी पट्टी राहते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने दाबून लिहा, आणि एक पट्टी कुंडीत खाली, मुळांजवळ खोचून ठेवा. वरची माकडं नेतात.